भूत पिंपळावर, मित्र ओसरीवर

आम्ही पनवेलकर दहाबारा मंडळी महिन्यांतून एकदां कोणाच्या तरी घरीं जमतों आणि एखाद्या पुस्तकावर बोलतों. चहा होतो, चिवडा होतो, बहुधा पुस्तकही होतें. गेल्या बैठकींत मात्र पुढच्या महिन्याचें पुस्तक ठरवितांना अशी चकमक उडाली कीं चहाचे पेले तसेच निवून गेले. आमच्यांतील एका तरुण प्राध्यापिकाबाईंनीं जेम्स हॉग या स्कॉटिश लेखकाची एक कादंबरी सुचविली. ती १८२४ सालीं लेखकाच्या नांवाशिवाय प्रसिद्ध झाली होती. एका जिवलग स्नेह्यानें एका तरुणाच्या मनाचा हळूहळू कसा कबजा घेतला, याची ती भयकथा आहे. इंग्रजी न वाचणारांसाठीं बाई तिचें कथानक मराठींत सांगणार होत्या. एवढें ऐकलें मात्र, आणि एका सेवानिवृत्त मुख्याध्यापकांनीं हात वर केला. भयकथा हें वाङ्मयच नव्हे. मैत्रीसारख्या पवित्र नात्याला काळिमा लावणारें पुस्तक मुलाबाळांच्या घरांत येतां कामा नये. आणि असले विकृत स्नेह परदेशांत होत असतील, आपल्याकडे होत नाहींत, असे तीन आक्षेप त्यांनीं एका दमांत घेतले. गृहस्थ वृद्ध आणि सर्वांच्या आदरांतले. माना डोलल्या, बाईंनीं पुस्तक पिशवींत टाकलें, आणि एका निरुपद्रवी प्रवासवर्णनाची निवड झाली. मीही मान डोलविली. घरीं आल्यावर त्या मान डोलविण्याची जी लाज वाटली, तिच्यापोटीं हा लेख लिहीत आहें.

प्रथम त्या कादंबरीविषयीं, कारण तिला नांवें ठेवणारांपैकीं कोणीही ती उघडून पाहिलेली नव्हती. हॉग हा एट्रिकच्या खोऱ्यांतला मेंढपाळ. शाळेचें शिक्षण त्याला जवळजवळ मिळालेंच नाहीं. त्याचा नायक रॉबर्ट हा कर्मठ धर्माच्या कडक शिस्तींत वाढलेला. ईश्वरानें तारण्यासाठीं ज्यांना निवडलें आहे अशा मोजक्यांत तुझी गणना झाली, आतां तुझ्या हातून कांहींही घडलें तरी ही निवड फिरणार नाहीं, असें त्याचा पालक त्याला एके दिवशीं सांगतो. त्याच दिवशीं त्याला एक अनोळखी तरुण भेटतो. चेहरा हुबेहूब रॉबर्टसारखा. गिल-मार्टिन असें तो आपलें नांव सांगतो. ठराविक गोष्टींतला सैतान असता तर त्यानें सोन्याची थैली दाखविली असती, एखादी सुंदर स्त्री पुढें केली असती. गिल-मार्टिन असलें कांहीं करीत नाहीं. तो रॉबर्टचें म्हणणें मन लावून ऐकतो, त्याच्या प्रत्येक मताला दुजोरा देतो, आणि मग तेंच मत आणखी एक पाऊल पुढें नेतो. या मैत्रीविषयीं रॉबर्टला सावध करणारा एक वृद्ध धर्मोपदेशक असतो. पहिला खून त्याचाच पडतो. पुढें भावाची पाळी येते. अखेर अखेर तर रॉबर्टला स्वतःच्या आयुष्यांतले महिनेच्या महिने आठवेनासे होतात. त्या काळांत त्यानें काय काय केलें, हें मित्रच त्याला सांगतो. दूर हो म्हटलें तरी तो दूर होत नाहीं. हा मित्र सैतान आहे कीं रॉबर्टच्याच मनाचा फुटून निघालेला तुकडा आहे, याचा निकाल हॉगनें दिलेला नाहीं. दिला असता तर वाचक सुटला असता.

आतां आक्षेप. तिसऱ्यापासून सुरुवात करतों, कारण तोच सर्वांत धीटपणें केलेला आणि सर्वांत खोटा आहे. आपल्याकडे असें होत नाहीं! पनवेलाहून पुणें किती लांब? घाट चढला कीं आलें. त्या पुण्यांत, टिळक रस्त्यावरच्या अभिनव कला महाविद्यालयांत शिकणारा एक विद्यार्थी १९७६ च्या जानेवारींत आपल्या वर्गमित्रांबरोबर गेला. वर्गमित्रच ते, त्यांच्याबरोबर जातांना कोण विचार करतो? त्यांनीं त्याला कर्वे रस्त्यावरच्या एका पत्र्याच्या शेडमध्यें नेलें, आपण घर सोडून जात आहों अशी चिठ्ठी वडिलांच्या नांवें त्याच्याच हातानें लिहवून घेतली, नंतर गळा आवळून त्याला मारलें, आणि प्रेत लोखंडी पिंपांत घालून पेशवे पार्कांतल्या तळ्यांत बुडविलें. दुसऱ्या दिवशीं वडिलांकडे खंडणीची मागणी गेली. पुढच्या सव्वा वर्षांत त्याच टोळीनें आणखी नऊ जीव घेतले. ३१ ऑक्टोबर १९७६ रोजीं विजयानगर वसाहतींतील जोशी कुटुंबांतले तिघे. १ डिसेंबर रोजीं भांडारकर रस्त्यावर अभ्यंकरांच्या बंगल्यांतले पांच, आणि त्यांत वयाचीं अठ्ठ्याऐंशीं वर्षें गांठलेले, संस्कृत व्याकरणाचा कोश रचणारे काशिनाथशास्त्री अभ्यंकर. शेवटचा बळी १९७७ च्या मार्चमधला: कॉलेजांतल्या एका स्नेह्याचा धाकटा भाऊ. घरीं सोडतों असें सांगून त्यांनीं त्याला मोटरसायकलवर घेतलें होतें. महिनाअखेरीस टोळी पकडली गेली, आणि २७ नोव्हेंबर १९८३ रोजीं येरवड्यास चौघांना फांशी झाली.

त्या दिवसांची हकीकत वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेले पुष्कळ वाचक असतील. दिवेलागण झाली कीं रस्ते ओस पडत, घरोघर जादा कड्या बसल्या, आंतून चारदां 'कोण?' असें विचारल्यावांचून दार उघडत नसे. खबरदारी योग्यच होती. परंतु एक गोष्ट पाहावी. पहिल्या मुलाला आणि शेवटच्या मुलाला जगांतल्या कोणत्या कडीनें वाचविलें असतें? ते दोघे आपल्या पायांनीं, ओळखीच्या माणसांबरोबर, कदाचित् हंसतखेळत गेले. सारें शहर परक्या माणसाला भिऊन दारें लावीत होतें, आणि संकटाची सुरुवात आणि शेवट दोन्ही परिचयांत, वर्गाच्या बाकावर, दुचाकीच्या मागच्या जागेवर होतीं. भयाचा हा पत्ता मराठी मनानें अजून नीट लिहून घेतलेला नाहीं, अशी माझी तक्रार आहे.

आपण काय केलें? राजेंद्र जक्कल हें नांव एका राक्षसाचें नांव म्हणून तोंडीं बसविलें आणि मोकळे झालों. राक्षस म्हटला कीं विचार करण्याचें काम उरत नाहीं. तो आपल्यांतला नसतो, त्याला आईबाप नसतात, त्याच्याबरोबर कोणीं चहा घेतलेला नसतो. क्षणभर धरूं कीं राक्षस एकच होता. मग बाकीचे तिघे कोण? पहिल्या गुन्ह्याची माहिती असलेला आणि पुढें माफीचा साक्षीदार झालेला तो पांचवा सहाध्यायी कोण? हीं मुलें चित्रकला शिकत होतीं. पहिल्या भेटीपासून पत्र्याच्या त्या शेडपर्यंत किती पायऱ्या होत्या, आणि कोणत्या पायरीवर 'पुरे' म्हणणें अजून शक्य होतें? न्यायालयाला या प्रश्नाशीं कर्तव्य नव्हतें. त्याला कृत्य आणि पुरावा पुरतो. वर्तमानपत्राला जागा नव्हती. हा प्रश्न विचारण्याचें काम कादंबरीचें, आणि कादंबरीनें तें केलें नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं त्या चौघांपैकीं मुनव्वर शाह यानें तुरुंगांत लिहिलेलें 'येस, आय अ‍ॅम गिल्टी' हें पुस्तक आहेच कीं. आहे, आणि तें वाचावें. परंतु फांशीच्या छायेंत बसून लिहिलेला कबुलीजबाब हा एका पक्षकाराचा जबाब असतो. लिहिणारा खोटें बोलत नसला तरी त्याला कोणाला तरी कांहीं तरी पटवावयाचें असतें: ईश्वराला, समाजाला, स्वतःला. कादंबरीकाराला कोणाचीही शिक्षा कमी करून घ्यावयाची नसते. १९८६ सालीं 'माफीचा साक्षीदार' हा चित्रपट आला. नाना पाटेकरांचा त्यांतला चेहरा लोकांच्या लक्षांत राहिला, म्हणजे पुन्हां राक्षसच लक्षांत राहिला. अनुराग कश्यप यांचा 'पाँच' हा हिंदी चित्रपट याच प्रकरणावरून सुचलेला आणि खरोखरच मित्रमंडळीच्या सडण्याविषयींचा. तो आधीं सेन्सॉरच्या कात्रींत अडकला आणि नंतर वर्षानुवर्षें डब्यांत पडून राहिला. मराठी कादंबरीच्या फडताळांत मात्र, या विषयाच्या तोलाचें म्हणून पुढें करावें असें एकही पुस्तक मला आढळत नाहीं.

आपल्याकडे भयकथा लिहिली जात नाहीं असें थोडेंच आहे? नारायण धारपांनीं दोन पिढ्यांच्या रात्रींची झोंप उडविली. रत्नाकर मतकरींच्या 'खेकडा'सारख्या संग्रहांनीं गूढकथेला सुशिक्षित घरांत आणून बसविलें. या दोघांचाही मी ऋणी वाचक आहें, आणि त्यांना 'रंजनवादी' या एका शब्दानें निकालांत काढणाऱ्या समीक्षकांबद्दल मला फारसा आदर नाहीं. ज्या लेखकाला हजारों माणसें दिवा न मालवतां वाचतात, त्यानें त्या माणसांच्या मनांत कोठें हात घातला, हें पाहण्याची जिज्ञासा ज्याला नाहीं त्यानें समीक्षा कशाला करावी? तरीही एक खरें. धारपांच्या जगांत अमंगळ बाहेरून येतें, बंद वाड्यांतून, जुन्या पोथींतून, पलीकडच्या कुठल्या तरी अंधारांतून येतें. आणि समर्थांची चाहूल लागली कीं वाचक पांघरूण सारखें करून निर्धास्त होतो. आमच्या आजीच्या गोष्टींतलें भूतही पिंपळावरच राही. रात्रीं पिंपळाखालून गेलें नाहीं म्हणजे झालें. या भयाला कुंपण आहे. मतकरी कुंपणाच्या आंत पुष्कळदां येतात, पण त्यांचा पल्ला बहुधा कथेचा. एखाद्याचें मन वर्ष-दोन वर्षें दुसऱ्याच्या मुठींत कसें जातें, हें पाहण्यास कादंबरीचा संथपणा लागतो. चिं. त्र्यं. खानोलकरांजवळ तो होता. 'कोंडुरा' (१९६६) मध्यें भय पिंपळावरून उतरून मनुष्याच्या छातींत येऊन बसलेलें आहे, आणि तें तेथून हलत नाहीं. परंतु खानोलकरांचीं माणसें मुळांत एकटीं. त्यांना दैवत छळतें, वासना छळते, समुद्र छळतो. मित्र छळीत नाहीं, कारण त्यांना मित्रच नसतो.

दुसरा आक्षेप पावित्र्याचा. मैत्रीला काळिमा लागतो म्हणे! मुख्याध्यापकांनीं आयुष्यभर मुलांना जीं पुस्तकें शिकविलीं, त्यांतच हा काळिमा भरपूर आहे. पंचतंत्राच्या पहिल्या तंत्राचें नांवच मित्रभेद. सिंह आणि बैल यांचा जीव जडलेला. दमनक कोल्हा दोघांचाही हितकर्ता बनून दोघांच्या कानांत थेंब थेंब विष घालतो, आणि सिंह आपल्या सख्याला फाडून मग रडत बसतो. ही गोष्ट आपण सात वर्षांच्या मुलाला झोंपतांना सांगतों. महाभारत तर याहून निर्दय. भर रंगमंडपांत जातीवरून अपमान होत असतां दुर्योधन कर्णाला अंगदेशचें राज्य देतो. उपकार खरा, प्रेमही खरें असेल. त्याची किंमत पुढें द्यूतसभेंत वसूल होते: द्रौपदीचीं वस्त्रें काढून घे असें दुःशासनाला सांगणारा कर्ण आहे, ज्याला त्या स्त्रीशीं वैर करण्याचें कारण मित्राच्या वैराखेरीज फारसें नव्हतें. (स्वयंवराचें कारण मला कोणी सांगूं नये, तें मी ऐकलें आहे.) चांगल्या मनुष्याला ऋणानें बांधून वाईटाकडे नेणारी मैत्री कशी असते, याचें याहून धडधडीत उदाहरण जगांत थोडें असेल. आणि आपण काय केलें? 'मृत्युंजय'पासून पुढें, गेल्या साठ वर्षांत, त्याच मैत्रीची आरती केली. शिवाजी सावंतांच्या शैलीविषयीं मी येथें बोलत नाहीं. एवढेंच म्हणतों कीं कर्णाच्या निष्ठेवर डोळे पुसणाऱ्या वाचकानें, ती निष्ठा कोणत्या सभेंत काय बोलली, हेंही मनांत ठेवावयास हवें होतें.

आणि तळीराम? १९१९ सालीं रंगभूमीवर आलेल्या 'एकच प्याल्या'वर मराठी मध्यमवर्ग पोसला आहे. सनद काढून घेतली गेल्यामुळें जळत असलेल्या सुधाकरापुढें तळीराम पेला धरतो, तो वैऱ्याच्या आविर्भावानें नव्हे. दुखलेल्या माणसाला सोबत म्हणून. गडकऱ्यांना नेमकी वेळ माहीत होती: मनुष्य अपमानानें सोलून निघालेला असतो तेव्हां जो हात प्रथम पाठीवर पडतो, तो कोणाचा आहे हें तो पाहत नाहीं. हा प्रसंग आपल्याला चालतो, कारण त्याच्या शेवटीं दारूबंदीचें व्याख्यान टांगतां येतें. तोच प्रसंग व्याख्यानावांचून कोणी लिहिला कीं तो विकृत ठरतो. मग आक्षेप विषयावर आहे कीं वाचकाला त्यांतून सोडवून न घेण्यावर?

परदेशाचें नांव निघालेंच आहे तर एक उदाहरण देतों. १८६९ च्या नोव्हेंबरांत मॉस्कोजवळच्या एका कृषिविद्यालयाच्या उद्यानांत इव्हानोव्ह या विद्यार्थ्याला त्याच्याच गुप्त मंडळांतल्या सोबत्यांनीं कांहीं निमित्तानें बोलावून नेलें, मारलें, आणि प्रेताला विटा बांधून तें गोठलेल्या तळ्यांत बर्फाच्या भोकांतून सोडून दिलें. म्होरक्या नेचायेव्ह नांवाचा तरुण. पेशवे पार्कांतलें पिंप आणि हें तळें यांत शंभराहून अधिक वर्षांचें अंतर आहे. प्रयोजनही वेगळें, तेथें राजकारण, येथें पैसा. पण बोलावून नेणारे दोन्हीकडे सोबतीच. डोस्टोएव्हस्की तेव्हां ड्रेस्डेन येथें राहत होता आणि त्याचा मेहुणा त्याच विद्यालयांत शिकत होता. ती बातमी त्याला सोडीना. १८७१ पासून मासिकांतून त्याची कादंबरी येऊं लागली, ती इंग्रजींत 'डेमन्स' या नांवानें ओळखली जाते. तींत राग पुष्कळ आहे, एका सबंध पिढीविषयीं अन्यायही आहे, आणि पहिलीं दोनशें पानें वाचकाचा अंत पाहतात. परंतु त्यानें जो प्रश्न धरला तो आपण सोडून दिलेलाच प्रश्न आहे. पांच जणांना कायमचे एकत्र बांधावयाचें तर त्यांच्याकडून एक खून करवावा. रक्ताच्या त्या गांठीनें ते पुन्हां सुटत नाहींत, हें गणित त्यांतला म्होरक्या चालवितो. आणि मागून जाणारे कसे? एरकेल नांवाचा त्यांतला एक कोंवळा पोरगा मला विसरतां येत नाहीं. तो आपल्या तुटपुंज्या पगारांतून आईला पैसे पाठवितो. म्होरक्यावर त्याची भक्ति आहे, दुसरें कांहीं नाहीं. अशा मुलाला आपण जांवई म्हणून आनंदानें पसंत केलें असतें.

हा एरकेल मला विसरतां येत नाहीं, याचें कारण वाङ्मयीन नाहीं. मी चौदा वर्षांचा असतांना वर्गांतल्या एका थोराड मुलानें मला आपला म्हटलें. मी किडकिडीत, अभ्यासू, कोणाच्या खिजगणतींत नसलेला. त्यानें पहिल्यांदा माझ्या खांद्यावर हात टाकला तेव्हां आपली उंची वाढली असें मला वाटलें. आधीं मास्तरांच्या सायकलची हवा सोडणें झालें. मग मी पकडला न जातां त्याच्या वहीवर पालकांची सही केली. प्रत्येक गोष्टीनंतर आम्हां दोघांत एक गुपित वाढे, आणि गुपित वाढलें कीं मी अधिक श्रीमंत झालों असें मी समजें. एका संध्याकाळीं वडाळे तळ्याच्या कांठीं आमच्याच आळींतला एक लहान मुलगा आमच्या मागेंमागें फिरत होता. माझ्या मित्रानें त्याची टोपी काढून पाण्यांत भिरकावली आणि म्हणाला, "जा, आण." त्या मुलाला पोहतां येत नाहीं हें मला ठाऊक होतें. मुलानें माझ्याकडे पाहिलें, मित्रानेंही माझ्याकडे पाहिलें. मी म्हणालों, "जा रे, उथळ आहे." हे शब्द मला कोणीं शिकविले नव्हते, ते माझे होते. म्हशी धुवावयास आलेल्या एका माणसानें त्याला केंस धरून ओढून काढलें, म्हणून आज हें लिहीत आहें. त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. वाचकांना वाटेल, पश्चात्तापानें. तसें नव्हतें. परततांना मित्रानें माझ्या पाठीवर जी थाप मारली होती ती मी अंथरुणांत पुन्हां पुन्हां आठवीत होतों, आणि मला फार बरें वाटत होतें.

मुलाला पाण्यांतून काढल्यानंतरची ती रात्र मला कोणत्याही पुस्तकानें समजावून सांगितली नव्हती. श्यामची आई मीही वाचली होती, रडलोंही होतों. कृष्णसुदाम्याचा धडा मला पाठ होता. संगत वाईट असते हें घरांत रोज सांगत, पण वाईट संगत दिसते कशी याविषयीं सर्वांची समजूत ठरलेली: विडी, पत्ते, शिव्या. माझा मित्र शिव्या देत नसे. माझ्या आईला वांकून नमस्कार करी. तिला तो फार आवडे. हॉगचा गिल-मार्टिन मी पन्नाशी उलटल्यावर वाचला, आणि ज्या पानावर तो रॉबर्टच्या प्रत्येक मताशीं सहमत होतो तें पान वाचतांना मी पुस्तक मिटून गॅलरींत जाऊन उभा राहिलों. पाठीवरची ती थाप मला ओळखूं आली. बैठकींत हेंच सांगावयास हवें होतें. सांगितलें नाहीं, कारण मुख्याध्यापकांनीं माझ्याकडे पाहिलें आणि मला त्यांच्या पसंतींत राहावयाचें होतें.

राहिला पहिला आक्षेप, कीं हें वाङ्मयच नव्हे. त्यावर फार शाई खर्चण्याची मला इच्छा नाहीं. करुणरसाचें पुस्तक वाङ्मय आणि भयानकाचें नव्हे, असा भेद भरतमुनीनें केलेला नाहीं. त्याच्या आठ रसांत भयानक मानानें बसलेला आहे. वाईट भयकथा पुष्कळ असतात, तशा वाईट प्रेमकथा त्याहून पुष्कळ असतात, आणि त्या आपल्या ग्रंथालयांत सुखानें नांदतात.

याहून गंभीर असा एक आक्षेप बैठकींत कोणीं घेतला नाहीं, तो मीच घेतों. पुण्यांतल्या त्या कुटुंबांतलीं माणसें, त्यांचे आप्त, त्यांचे विद्यार्थी आजही हयात असतील. त्यांच्या दुःखावर कोणी कादंबरी बेतावी काय? माझें मत असें कीं त्यांच्या घरांत कादंबरीकारानें पाऊल टाकूं नये. मेलेल्यांचे शेवटचे क्षण रंगविण्याचा अधिकार कोणालाही नाहीं, आणि चित्रपटवाल्यांना जी हौस नेमकी तेथेंच येते ती हिडीस आहे. पण मला हवी असलेली कादंबरी त्या बंगल्यांत जातच नाहीं. ती त्याच्या कितीतरी आधीं, कॉलेजच्या कट्ट्यावर, चार पोरें पहिल्यांदा एकत्र हंसलीं त्या दुपारीं सुरू होते, आणि पत्र्याचें दार लागण्यापूर्वीं तिचें बहुतेक काम संपतें. डोस्टोएव्हस्कीनें इव्हानोव्हचें नांव बदललें, गांव बदललें, मेलेल्या मुलाला स्वतःचा असा एक जीव दिला. आपल्या लेखकाला तेवढी सभ्यता जमणार नाहीं असें मानण्याचें कारण काय? आणि गांव पुणेंच कशाला? आमच्या पनवेलाभोंवतीं आतां इमारतींचें रान उठलें आहे. दूरदूरच्या गांवांहून आलेलीं मुलें चौघांत एक खोली करून राहतात, आईबापांना रविवारीं फोन करतात, आणि बाकीच्या सहा दिवसांत त्यांचा देव, गुरु, न्यायाधीश असा सर्व कांहीं तो एक मित्र असतो. बहुतेकांचें कल्याणच होतें. कांहींचें काय होतें तें पाहावयास कोणी तरी कागद घेऊन बसलें पाहिजे.

मुलांच्या हातीं असलें पुस्तक पडलें तर? पडूं द्यावें. 'एकच प्याला' पाहून पिण्यास शिकलेला मनुष्य माझ्या तरी पाहण्यांत नाहीं. सोळासतरा वर्षांच्या मुलीला किंवा मुलाला हॉगची कादंबरी वाचून दोन रात्रीं झोंप आली नाहीं, आणि तिसऱ्या दिवशीं एखाद्या जिवलगाचा फोन घेतांना हात किंचित् थबकला, तर माझ्या दृष्टीनें दोन रात्रींचा सौदा स्वस्त आहे. कदाचित् त्या जिवलगावर अन्यायही होईल. चांगल्या मित्राकडे चार दिवस संशयानें पाहिलें जाईल. चांगला मित्र तेवढें सोसतो.

पुढली बैठक माझ्या घरीं आहे. प्रवासवर्णनावर जें बोलावयाचें तें बोलून झाल्यावर मी हॉगची कादंबरी पुन्हां सुचविणार आहें, आणि या वेळीं मान डोलवून निकाल लावूं न देतां मतें चिठ्ठीवर मागणार आहें. प्राध्यापिकाबाईंना तसें कळविलें आहे. मुख्याध्यापकांना हा लेख छापण्यास पाठविण्यापूर्वीं वाचावयास दिला होता. त्यांनीं वडाळे तळ्याच्या परिच्छेदापाशीं पेन्सिलीनें एक लहान खूण करून तो कांहीं न बोलतां परत केला.